भरतीचं धुणं

समुद्राच्या पाण्यात साध्या वडीच्या साबणाला फेस येत नाही, हे मला तिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत दादरच्या आमच्या घरात कपडे मळत आणि दोन दिवसांनी घडी होऊन कपाटात येत. मधल्या काळात त्यांचं काय होतं याची मी कधी चौकशी केली नव्हती. शिवडीसमोर नांगरलेल्या एका टगच्या, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणाऱ्या छोट्या बोटीच्या, डेकवर मी उकिडवा बसून पॅंटला साबण घासत होतो आणि पॅंटवर फेसाऐवजी पांढरे चिकट गोळे जमत होते. मागे कोणीतरी बराच वेळ उभं होतं. मग आवाज आला, "काय रे दादर, पॅंटीला विरजण लावतोयस?"

हे तांबेमामा. नाव सांगण्याआधीच त्यांनी माझं बारसं करून टाकलं. पुढे सहा वर्षं मी त्या बोटीवर 'दादर'च राहिलो. माझं खरं नाव नितीन आहे हे भंडाऱ्याला, म्हणजे आमच्या स्वयंपाक्याला, शेवटपर्यंत माहीत नसावं.

टगचं नाव 'सुमती'. मालकाच्या आईचं. बंदराच्या खाडीत मोठ्या बोटींचा रस्ता खोल राहावा म्हणून गाळ काढायचं काम चाले, आणि किती गाळ निघाला, किती उरला, हे मोजायचं काम माझ्याकडे. रोज किनाऱ्यावर ये-जा करण्यात भरती-ओहोटी फुकट जाई, म्हणून चौदा दिवस बोटीवरच राहायचं आणि सात दिवस घरी. तळाचा गाळ नमुन्यासाठी वर काढावा लागे. शिवडीचा तो गाळ ज्याने हाताळलाय त्यालाच माहीत. काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ, सडक्या अंड्यांचा वास, आणि त्यात वर्षानुवर्षं सांडलेलं तेल. तो कपड्याला लागला की कपडा आपला राहत नाही.

मामा इंजिनाची खोली सांभाळायचे. कागदावर ते ड्रायव्हर होते. पण तरुणपणी तेलवाला म्हणून लागले, म्हणजे यंत्राला तेल घालणारा, आणि गोदीत तेच नाव चिकटलं. उंच, काटकुळे. चष्म्याला मागून दोरी बांधलेली, कारण एक चष्मा पूर्वी समुद्राला दिला होता. चाळीस वर्षं इंजिनात हात घालून ज्याची नखं पांढरी राहिली असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. राहायला वरळीला, बीडीडी चाळीत.

पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याशी एक मूर्खपणा केला. तो आठवला की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. विरजणाच्या प्रसंगानंतर मला वाटलं, या माणसाला धुण्यातलं कळतं, वयस्कर आहेत, साधे आहेत, तर यांनाच सांगावं. मी चिखलाच्या कपड्यांचं बोचकं त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "मामा, तुमच्याबरोबर माझेही टाका ना. मी वर काहीतरी देईन." त्यांनी बोचकं घेतलं. दुसऱ्या दिवशी कपडे माझ्या बिछान्यावर होते. तसेच्या तसे मळके, चिखल वाळून पापुद्रे सुटलेले, पण घडी मात्र अशी की इस्त्रीवाल्याने लाजावं. वर भांडी घासायच्या लिक्विड साबणाची एक पुडी.

मी पुडी हातात घेऊन उभा राहिलो. भंडारी माझ्याकडे बघून हसत होता. तो म्हणाला, "पुडी ठेवली म्हंजे तू आवडलायस त्येंना. मागच्या सायबाला नुसतीच घडी दिली व्हती."

त्याचं कारण मला पुष्कळ दिवसांनी कळलं, तेही सहज. ते बॉयलर सूटची, म्हणजे इंजिनात घालायच्या अखंड पोशाखाची, बाही उलटी करत होते आणि बोलता बोलता म्हणाले, "आमच्या गावाला परीट होता ना, तो सगळ्या गावाचं धुणं न्यायचा. आमच्या वस्तीतलं नाय न्यायचा. आमच्या कपड्याला हात नाय लावायचा. माझा आजा बोलायचा, चांगलं झालं. त्याच्यामुळे आपल्यात प्रत्येकाला धुता येतं. आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की पहिलं धुणं शिकतं. पोरगा, पोरगी, काय फरक नाय. आपलं आपण धुवायचं. दुसऱ्याचं धुवायचं नाय, दुसऱ्याकडनं धुवून घ्यायचं नाय." आवाजात राग नव्हता. बाहीच्या शिवणीत अडकलेली रेती ते नखाने काढत होते. मला मात्र ते बोचकं आठवलं आणि मान वर करवेना. मी म्हटलं, "मामा, त्या वेळी मी चुकलो." ते म्हणाले, "कळलं मला. म्हणून तर साबण दिला."

बोटीवर धुणं ही रोजची गोष्ट नव्हती. गोडं पाणी आठवड्यातून एकदा पाण्याची होडी येऊन टाकीत भरून जायची. पिण्याचे जार वेगळे. टाकीच्या पाण्यात सहा माणसांची अंघोळ, भांडी आणि धुणं. त्यामुळे धुण्याचा दिवस मामा ठरवत, आणि तो कॅलेंडर बघून नाही, समुद्र बघून. सकाळची भरती लागली पाहिजे. "ओहोटीचं पाणी म्हणजे खाडीची आंघोळ झालेलं पाणी," ते म्हणत. "शिवडीचा सगळा चिखल धुऊन ते आपल्याकडे येतं. त्यात कपडा बुडवलास तर कपडा पाणी साफ करील. भरतीचं बाहेरनं येतं, ते घ्यायचं." भरती अर्धी झाली की बादलीला दोरी लावून ते पाणी ओढत, आणि पहिली बादली परत समुद्रात ओतत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पहिली बादली बादलीची."

पण पाण्याआधीची तयारीच मोठी. चिखल ओला असताना त्याला पाणी दाखवायचं नाही. कडक वाळू द्यायचा, मग कपडा कठड्यावर आपटायचा, ब्रशने झाडायचा. अर्धा मळ असाच जातो. तेलाच्या डागावर लाकडाचा भुसा चोळायचा. भुशाची गोणी मामा रे रोडच्या वखारीतून स्वतः आणत आणि ती इंजिनाच्या शिडीखाली कोरडी ठेवत. भुसा तेल पिऊन काळा झाला की झटकायचा, दुसरा घ्यायचा. मग लिक्विड साबण, मग समुद्राचं पाणी, एकदा, दोनदा, तीनदा. सर्वांत शेवटी गोडं पाणी, आणि ते मोजून दीड बादली. सगळ्यांच्या सगळ्या कपड्यांना मिळून! त्यातही क्रम ठरलेला. आधी बनियन, मग शर्ट, पॅंटी, मग बॉयलर सूट, आणि अगदी शेवटी पुसायच्या चिंध्या. उरलेल्या काळ्या पाण्याने डेक धुवायचा. मी एकदा पॅंट आधी बुडवली तर मामांनी अशा नजरेने पाहिलं की मी तिची माफी मागितली असती.

"गोडं पाणी वाचवायला नाय सांगत मी," ते म्हणाले. "खारं राहिलं तर कपडा सुकत नाय. सुकला असं वाटतं, अंगात घातला की पुन्हा ओला. मीठ हवेतनं पाणी ओढतं. मग जांघेत बघ काय होतं ते." ते मी पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं, म्हणून वाद घातला नाही.

वाळत घालायला चिमटे नव्हते. वाऱ्यात ते टिकत नाहीत. मामांनी दोन दोऱ्यांना पीळ घालून एक दोरी केली होती. पीळ जरा उकलायचा, कपड्याचं टोक आत खुपसायचं, सोडायचं. वादळात दोरी तुटेल पण बनियन सुटणार नाही. अशी आमची सहा जणांची लक्तरं मुंबई बंदरात फडफडत असत, आणि मोठमोठ्या परदेशी बोटी आमच्यासमोरून निमूटपणे जात.

आणि सगळं झाल्यावर परीक्षा. वाळलेला प्रत्येक कपडा मामा नाकाशी धरत. डोळे मिटून. आधी कॉलर, मग काख, मग गुडघा. "साबण हाताला, पाणी कपड्याला आणि खात्री नाकाला," हे त्यांचं वचन. नापास झालेला कपडा मालकाच्या अंगावर परत फेकला जाई. माझा एक शर्ट तीनदा नापास झाला. मी कुरकुरलो तर म्हणाले, "अरे, आई हुंगेल ना घरी गेल्यावर. माझं नाव खराब करशील."

ते स्वतः बोटीचा कपडा घरी नेतच नसत. लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरताना अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, केसाला तेल. एकदा त्यांच्या पत्नी कसल्याशा कागदावर सही घ्यायला धक्क्यावर आल्या होत्या. मी ओळख करून घेतली. त्या मिश्कीलपणे म्हणाल्या, "आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे काम काय करतात ते मला वासावरनं कधी कळलं नाही. शेजारीण विचारते, बँकेत आहेत का?" मामा बाजूला बघत खुश होऊन उभे होते.

त्या नाकाचं खरं काम खाली इंजिनात चाले. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर ते थांबत, एक श्वास घेत आणि मगच उतरत. पट्टा तापला, गॅस्केट जळायला लागलं, कुठल्या जोडातून डिझेल झिरपलं, हे त्यांना पायरीवरच कळे. एकदा सगळं व्यवस्थित चालू असताना त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. आमचे सारंग, म्हणजे बोटीचे कप्तान दळवी, मालवणी माणूस, लालबागला राहणारे, वरून ओरडले, "काय झाला?" मामा म्हणाले, "अजून काय नाय झालं. होणार आहे." पाऊण तास शोधल्यावर डिझेलच्या एका नळीला केसाएवढी चीर सापडली. खाली गरम लोखंड. दळवींनी ती चीर बघितली आणि त्या दिवसापासून मामांना उलट प्रश्न विचारला नाही.

मग कोरोना आला. काम बंद, आम्ही घरी. मामा दहा दिवस इस्पितळात होते असं नंतर कळलं. काम सुरू झालं तेव्हा ते परत आले, आणखी वाळलेले, पण तेच. भुशाची गोणी घेऊनच लाँचमधून चढले.

एक बदल मात्र माझ्या लक्षात आला. कपडे हुंगून झाले की ते माझ्याकडे देत. "बघ रे दादर, तुझं नाक अगरबत्तीत वाढलेलं आहे." मला वाटलं, गुरूने आता शिष्याला परीक्षक केलं. मी फुगलो. डोळे मिटून, कॉलर, काख, गुडघा, सगळं साग्रसंगीत करून मी निकाल देई, आणि मामा ऐकत. 'नाही गेला' म्हटलं की मुकाट्याने पुन्हा भुसा घेत. स्वतःचा एक शर्ट तर ते चार-चार वेळा धूत. मी म्हणे, "मामा, शर्टाची साल निघेल." तरी धूत.

एके दिवशी मला चेष्टा सुचली. मी इंजिनातली डिझेलने चिंब झालेली चिंधी घेतली, त्यांच्याच धुतलेल्या बनियनच्या आत गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "हा बघा, गेलाय का?" मला वाटलं, ते नाक मुरडतील, शिव्या घालतील, भंडाऱ्याला बोलावून हसू. मामांनी डोळे मिटले. बनियन नाकाशी धरला. लांब श्वास घेतला. आणि समाधानाने म्हणाले, "हां. गेला. मस्त."

माझं हसू तोंडातच राहिलं. मी तसाच उभा राहिलेला बघून त्यांनी बनियन उलगडला. चिंधी खाली पडली. ती उचलली, दोन बोटांत चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की आजही ती चेष्टा कुणाला सांगताना जीभ अडखळते.

"इस्पितळातनं आलो तेव्हापासनं," ते म्हणाले. "डॉक्टर बोलला, येईल. दीड वर्ष झालं."

"दळवींना?"

"नाय. कोणालाच नाय. घरीपण नाय." मग जरा थांबून, "अकरा महिने राहिलेत रे माझे. सांगितलं तर उद्या मला धक्क्यावर खुर्ची टाकून बसवतील, वॉचमन म्हणून. तसं नको मला. बोटीवरनं तेलवाला म्हणून उतरायचंय."

मी गप्प राहायचं कबूल केलं. हे बरोबर की चूक, यावर मी तेव्हाही विचार केला आणि अजूनही करतो. पण त्यांनी काम ढिलं सोडलं नव्हतं. वास नाही म्हणून त्यांनी हात कामाला लावले. दर अर्ध्या तासाला खाली उतरून प्रत्येक नळीवरून, प्रत्येक जोडावरून तळवा फिरवायचे. इंजिनाखाली जुने पेपर अंथरून ठेवायचे, थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून. पूर्वी एका श्वासात होणारं काम आता वीस मिनिटांचं झालं होतं. मी बहाणा काढून दिवसातून चार वेळा शिडीपाशी जाई, श्वास घेई आणि वरूनच म्हणे, "मामा, ठीक." ते खालून म्हणत, "ठीक." आमचं चांगलं चाललं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

मामा चुकले ते इंजिनात नाही, धुण्याच्या पाण्यात. आमच्याकडे दोन काळे रबरी पाइप होते, सारखेच जाड. एक पाण्याचा, एक डिझेलचा. डिझेलवाल्याच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली असे, ती वाऱ्याने गेली होती. मामांचा तर नियमच होता की नाकाला लावल्याशिवाय पाइप टाकीला लावायचा नाही. पाण्याची होडी आली त्या सकाळी मी माझ्या मोजणीत अडकलो होतो. मामांनी पाइप उचलला, नेहमीप्रमाणे त्याचं टोक नाकाशी नेलं, मान डोलावली आणि टाकीच्या तोंडात सरकवून होडीवाल्याला म्हणाले, "सोड." मी हे लांबून बघितलं होतं. इतक्या वर्षांची ती सवय, ती हातानेच केली; नाकाने त्यात भागच घेतला नाही, आणि हे मलाही सुचलं नाही.

पाणी भरून होताच धुणं लागलं. सकाळची छान भरती, ऊन, वारा. सगळ्यांनी आपापले कपडे भुसा लावून, खाऱ्या पाण्यातून काढून शेवटी टाकीच्या पाण्यात बुडवले; तेल प्यायलेल्या भुशाचा वास डेकभर होता, त्यात पाण्याचा वेगळा कोणाला कळला नाही. मामा काठावर उभे राहून क्रम सांगत होते. दुपारी कपडे वाळले. भंडाऱ्याने बनियन डोक्यातून घातला आणि आतूनच ओरडला, "आयला! मामा, धुतलेत का डिझेलात बुडवून काढलेत?" मग एकेकाने आपापला कपडा हुंगला. सहाच्या सहा जणांचे कपडे! बोटीवर हशा झाला. मामाही आधी हसले, भंडाऱ्याने कमी साबण लावला असेल म्हणून. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शर्ट हातात घेऊन उभा होतो. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण ते एकदम हसायचे थांबले.

दळवींनी टाकीचं झाकण उघडून हात बुडवला. "ह्या पाण्याक वास कसलो? पाइप कोणी लावलो?"

"मी," मामा म्हणाले.

"हुंगूक नाय?"

"हुंगला."

दळवी जुने माणूस. त्या एका शब्दावरून त्यांना कळलं. त्यांनी टाकीचं झाकण लावलं. मग ते माझ्याकडे वळले. "तुका ठाऊक होता?" मी हो म्हटलं. त्यांना असं चिडलेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "आज पाण्यात डिझेल गेला. उद्या डिझेलात ठिणगी गेली असती तर? बोललंस कित्याक नाय? शिकलेलो माणूस मां तू?" मामाच मधे पडले. "त्याला नको बोलू, दळवी. मी गप्प बसवला त्याला."

संध्याकाळच्या लाँचने मामा रजेवर घरी गेले. टाकी आम्ही दोन दिवस घासत होतो. मालकाला दळवींनी पाइपचं सांगितलं, नाकाचं नाही सांगितलं. रागावले होते, पण मामांची जागा त्यांनी भरू दिली नाही. दुसऱ्या टगवरचा एक ड्रायव्हर उसना आणला.

मी मधल्या सुट्टीत वरळीला जाऊन आलो. मामींना आता सगळं माहीत झालं होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ त्या मामांना खिडकीत बसवून डोळे मिटायला लावत आणि नाकाखाली एकेक वस्तू धरत. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल, गुलाबाची पाकळी. "ही कोणती?" मामा शाळेतल्या मुलासारखे प्रामाणिकपणे म्हणत, "माहीत नाही." मामी चिडत नसत. पुढची वस्तू धरत. मामांनी मला फक्त एकच विचारलं, "भुसा आणतोय का कोणी?" मी हो म्हणालो. कोणी आणत नव्हतं.

तीन महिन्यांनी दळवींचा निरोप गेला: येऊन परीक्षा दे, पास झालास तर उतर खाली. मामा आले. पांढरा शर्ट, हातात कपड्यांची पिशवी. म्हणजे राहायच्या तयारीने आले होते. सहा महिने उरले होते आणि ते त्यांना हवे होते, हे मला त्यांच्या चढण्यावरूनच दिसलं.

दळवींनी डेकवर तीन वाट्या मांडल्या. प्रत्येकीत एक ओली चिंधी. एकीत डिझेल, एकीत रॉकेल, एकीत नुसतं पाणी. सोपी परीक्षा होती. सोपी व्हावी म्हणूनच मांडली होती. आम्ही सगळे भोवती उभे. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले. पहिली चिंधी उचलून नाकाशी धरली. श्वास घेतला. अंगठा चिंधीवर सावकाश फिरत होता.

"डिझेल."

दुसरी. अंगठा फिरला. "रॉकेल."

तिसरीला जरा जास्त वेळ. "पाणी. नळाचं."

भंडाऱ्याने शिट्टी मारली. दळवी आनंदाने एवढे मोठ्याने बोलले की बाजूच्या बार्जवरचे लोक बघायला लागले. "मी सांगलंय मां! येतला म्हणून! चल तांब्या, कपडे बदल आणि उतर खाली. तो उसनो ड्रायव्हर इंजिनाची वाट लावता."

मामांनी कपडे बदलले. आपला जुना बॉयलर सूट घालून शिडीपाशी गेले. पहिली पायरी, दुसरी पायरी. तिथे थांबले. आम्हाला फक्त त्यांची पाठ आणि डोकं दिसत होतं. खांदे एकदा वर गेले, खाली आले. पुन्हा एकदा वर गेले. मग ते तसेच उलटे वर आले.

"दळवी, मी बोटांनी सांगितलं."

"काय?"

"चिंध्या. डिझेल बुळबुळीत लागतं, रॉकेल पातळ. पाणी ते पाणी. नाक बंदच आहे माझं. अजून लवंग हुंगली तरी लाकूड हुंगल्यासारखं."

दळवींचा चेहरा उतरला, पण ते लगेच म्हणाले, "मग बोटांनी सांग. आमका काय! सांगितल्याशी कारण."

"बोट लावायला आधी कळायला पाहिजे ना, कुठे लावायचं ते. तेच नाक सांगायचं." मामा सूटची बटणं काढायला लागले. "तुम्ही पाच जण वर झोपता रे. तुझं मन मोठं आहे, पण इंजिनाला त्याचं काय."

"तुका कोणी इचारल्यान? मी पास केलंय मां?" दळवी ओरडले. त्यांच्या आवाजात विनवणी होती, ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मघाशी ते गप्प राहिले असते तर कोणालाही कळलं नसतं. मी त्यांचा अंगठा फिरताना पाहिला होता आणि या वेळीही गप्प राहायचं मी ठरवून टाकलं होतं. ते त्यांनी मला करू दिलं नाही.

पांढरा शर्ट घालून ते पुन्हा बाहेर आले. बॉयलर सूटची घडी केली, पिशवीत ठेवली. मी पिशवी धरायला हात पुढे केला तर म्हणाले, "नको. माझी आहे." मग माझ्या शर्टाकडे बघून, "कॉलर नीट घासत नाहीस तू हल्ली," एवढंच बोलून लाँचमध्ये उतरले. दळवी निरोपाला थांबले नाहीत. आत जाऊन भंडाऱ्यावर, मीठ जास्त झालं म्हणून, ओरडत होते. जेवण अजून शिजलंही नव्हतं.

मी कठड्याशी उभा राहिलो. लाँच सुटली. मामा मधल्या फळीवर बसले होते, इंजिनाच्या पेटीजवळ. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी पेटीच्या झाकणावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. मग लाँचवाल्याला काहीतरी म्हणाले. त्याने मान हलवून नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले. त्याने कंटाळून वेग कमी केला. मामांनी पिशवी बाजूला ठेवली, झाकण उघडलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वाकून दोन्ही हात आत घातले. लाँचचा आवाज मघापासून अडखळत होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, कारण आता तो सरळ यायला लागला. मी हात हलवला. मामांनी पाहिलं नाही. ते वाकूनच होते, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कुशीवर तेलाचा लांबलचक काळा पट्टा उठला होता.